पयल्या फेरीचा मान

दमयंती माझी नंद. तुझ्या आजोबांची धाकली भैन गो. आपल्या पनवेलच्या कोळीवाड्यात खाडीच्या अंगाचं शेवटचं घर हाय ना, ती. तू तिला मासळीवाली आत्या म्हनून वळखतेस, बस. पन तिनं एकदा परक्या देशाच्या फौजेच्या बोटी अडवल्या होत्या. तिला इचारशील तर म्हनंल, "गोदूवयनीला दुसरा काय धंदा नाय." म्हनून मी सांगते, तू लिव. आन मी बोलते तसंच लिव रोशनी, साळतल्यावानी करू नको.

दमयंती पयल्यापासून मानापानाची लई कडक. माझ्या लग्नात माझ्या मामाला टोपी घालायची राहिली. आमच्याकडचं कोन बोललं नाय, नवरीकडचं आमी, गप बसलो. तर हिनं वरात थांबवली. परकरातली पोर, वाजंत्रीवाल्याच्या फुडं हात पसरून उभी. "मामाची टोपी आना, मगच पाय उचला." तुझं आजोबा, बुधाजी, घोड्यावर बसून घामानं भिजलं, पन टोपी येईस्तवर कोन हललं नाय. मी पदराआडून बघितलं आन म्हटलं, ह्या घरात आपलं बरं चालंल.

तिचा नवरा काशिराम, बोटीचा मिस्तरी. तोंडात खिळं धरून काम करायचा, आन खिळं काढलं तरी तोंड उघडायचा नाय. ती बोलायची दोघांचं. त्याच्या हातच्या बोटी करंजा बंदरापतूर गेल्या होत्या.

न्हावाशेव्याचं नवं बंदर नुकतंच चालू झालं होतं त्या टायमाची गोष्ट. नव्या पनवेलात निम्म्या बिल्डिंगा उभ्या, निम्म्यांच्या सळया वर आलेल्या. आपल्या खाडीवर एका शेटनं बोटी बांधायचा कारखाना काढला. गुरुदत्त शेट. पनवेल गावातलाच, चांगल्या घरचा, शिकलेला. कोळीवाड्यातली पोरं कामाला लागली, काशिराम त्यांच्यावर मिस्तरी. सगळं खूश. मग शेटला सरकारचं मोठं काम लागलं.

काम काय, तर दर्यात कुठं लांब एक देश हाय, बेटाबेटांचा. नाव माझ्या जिभेवर बसत नाय. आपल्या उरन तालुक्यायेवढा आसंल. त्यांच्या दर्यात चोरट्या बोटी यायच्या, हत्यारं उतरवायच्या, आन त्यांची फौज म्हंजे मूठभर पोरं, तीबी काठावर उभी. तर आपलं सरकार म्हनलं, आमी तुमाला बोटी देतो, राखन करा. पैसं नको, दोस्ती म्हनून. तवा कोळीवाडा काय फुगला होता म्हनून सांगू! परक्या देशाचा दर्या आमच्या मिस्तरीच्या बोटी राखनार. दमयंती बाजारात मासळी तोलताना गिऱ्हाइकाला सांगायची, "वजन बघू नको दादा, फौजेच्या बोटीवाल्याची बायको हाय मी."

पयल्या दोन बोटी गेल्या. मग फुडच्या सहा लागल्या बांधायला. तवापासून काशिराम घरी येऊन भिंतीकडं तोंड करून बसायचा. ताटातला मासा तसाच. दमयंती म्हनायची, "मीठ कमी हाय काय?" तो मान हलवायचा. "जास्त हाय काय?" पुन्ना मान हलवायचा.

इकडं नव्या पनवेलात दमयंतीचं गिऱ्हाईक होतं, त्या बोटी तपासायला येनाऱ्या साहेबाची बायको. पयले बोंबलाचा वाटा घ्यायची, तोबी निम्मा करून मागायची. मग एकदम महागड्या सरंग्याशिवाय बोलंना. दमयंती पाटी उतरवून माझ्याकडं बसली आन म्हनली, "वयनी, साहेबाच्या बायकोला आता बोंबलाचा वास येतो गो." आमी दोघी हसलो. तवा डोक्यात शिरलं नाय.

मग एक दिवस त्या देशाचा कप्तान आला. संगं त्याची तीन पोरं, कडक इस्तरीची. रंगानं आपल्यासारखाच, लुंगी नेसवून जाळ्याजवळ बसवला असता तर कोनी परका म्हनला नसता. हिंदी पिच्चर बघून बघून हिंदी शिकलेला. शेटच्या हापिसात च्या प्यायला आन सरळ इचारत इचारत कोळीवाड्यात आला. म्हनं, बोट बनवनेवाला मिस्तरी कहाँ रहता है.

मी तिथंच होती. दमयंतीनं त्याला वट्यावर बसवला, मांदेली तळून दिली. त्यानं काटा नि मुंडी सगळं खाल्लं. दमयंती माझ्या कानात म्हनली, "दर्याचा मानूस हाय, बघ." मग त्यानं हात पुसलं आन काशिरामला बोलला, "पहले का एक बोट नीचे से खुल गया. दो लड़का वापस नहीं आया."

काशिरामनं हातातला च्याचा कप खाली ठेवला.

"हमने पूछा, तो तुम्हारा साहब बोला, तुम्हारा लड़का चलाना नहीं जानता. पत्थर पे मारा."

दमयंतीनं इचारलं, "और तेरेको क्या लगता?"

तो म्हनला, "दीदी, वो लड़का बोट में पैदा हुआ था."

येवढंच बोलला. भांडला नाय, रडला नाय. काशिरामकडं बघून म्हनला, इस बार मैं खुद देखने आया, और हाथ जोड़ने आया, अच्छा बनाना. मिस्तरीला हात जोडलं आन गेला. सोन्यासारखा मानूस.

तो गल्लीच्या टोकाला गेला नसंल, दमयंती नवऱ्याच्या समोर उभी. "काय रं, मुका झाला काय? काय केलंस बोटीत?"

तवा काशिराम बोलला. इतकी वर्सं मी त्याला बघते, येवढं बोलताना तवाच बघितला. सरकारनं पैसं दिलं सागाचं आन तांब्याच्या खिळ्यांचं. शेटनं आनली भंगारातली फळी, पयल्या दोन बोटींत थोडी, ह्या सहांत सगळी, आतनं भुसा झालेली, आन लोखंडी खिळा, खाऱ्या पान्यात सडनारा. भेगा पडल्या तिथं रंगाऱ्याची लांबी, म्हंजे पांढरी पुट्टी, भरायची, वरनं रंग मारायचा. मधलं पैसं शेट, तो तपासनीचा साहेब आन साहेबाच्या वरचं कोन कोन वाटून खात होतं. काशिराम दोनदा बोलायला गेला, तर शेट म्हनला, तुझं काम फळी ठोकायचं हाय.

"आन चाचनी?" दमयंतीनं इचारलं.

"झाली."

"कवा? एक बी बोट पान्यात उतरली नाय अजून."

"कागदावर झाली. आता नारळ फोडायच्या दिवशी फकस्त एक बोट पान्याला लावायची, फोटू काढायचा आन सगळ्या ट्रकात चढवायच्या. मानूस बसवायचा नाय, शेटनं बजावून सांगितलंय. बसवला तर बुडाची लांबी निघंल."

दमयंती म्हनली, "मग सांग त्या कप्तानला."

"मी सांगून कोन ऐकंल? साहेबाचा शिक्का मोठा का माझा शब्द? वर कारखाना बंद पडंल तो येगळाच. कोळीवाड्याची पोरं कामाला हायेत तिथं."

ते खोटं न्हवतं. माझ्या दिराचा पोरबी तिथंच होता. मी पन म्हटलं, "दमे, इचार कर गो." ती टोपलीतली मांदेली उगीच खालीवर करत बसली. मग मला म्हनली, "वयनी, तुझ्याकडं चांगलासा नारळ हाय काय?"

"कशाला?"

"शेटला मान द्यायचा हाय."

आता तुमाला आजच्या पोरींना ठाव नाय म्हनून सांगते. आमच्यात नवी बोट पान्यात उतरली का पयली फेरी मिस्तरीची आन मालकाची. दोघांनी घरच्या बाईसकट बसायचं. मिस्तरी का, तर त्यानं ठोकलीय. मालक का, तर त्यानं बांधून घेतलीय. ह्या दोन घरची मान्सं फिरून आली का मगच खलाशी पाय ठेवनार. खलाशाला आदी कोन बसवत नाय. दमयंती म्हनली, "मी एक शब्द वाकडा बोलनार नाय. निसता मान देनार. शेट बसनार नाय. का बसत नाय, ते त्या कप्तानला त्याच्या डोळ्यानं दिसूं दे."

मला हसू आलं, आन मी नारळ शोधायला उठली.

नारळ फोडायच्या दिवशी आमी कोळीवाड्याच्या बायका नटून थटून कारखान्यावर गेलो. डोक्यात वेण्या, हातात आरतीचं ताट. शेट खूश झाला. "अरे वा! आपली कोळी संस्कृती! या, या, फोटो छान येतील." तपासनीचा साहेब काळा चष्मा लावून खुर्चीत. कप्तान आन त्याची पोरं उन्हात उभी, खुर्च्या दिल्या तरी बसली नाय. भरती चढली होती, बोट काठाला लागून कमरभर पान्यात, नवा रंग चकचकीत. दोरी तुझ्या आजोबांच्या हातात. त्यांना दमयंतीनं सांगून ठेवलं होतं, काय झालं तरी दोरी सोडायची नाय.

शेटनं आपल्या आईला आनली होती. कुमुदबाई. पांढऱ्या केसांची, गरीब गायीसारखी बाई. इधवा होती, म्हनून पूजेपासनं लांब एका कोपऱ्यात उभी. आपनहून उभी ऱ्हायली, कोनी सांगावं लागलं नाय. सवय झालेली.

दमयंतीनं बोटीच्या नाळीला, म्हंजे फुडच्या टोकाला, हळद-कुंकू लावलं, नारळ फोडला. आन वळून म्हनली, "शेट, या. पयली फेरी मिस्तरीची आन मालकाची."

शेट हसला. "नको नको, मला पाण्याची भीती वाटते."

"खाडीवर कारखाना काढलात आन पान्याची भीती?" बायका खिदळल्या.

"अहो, बूट खराब होतील."

"काढा, मी धरते," मी बोलली. खरंच हात फुडं केला मी.

"ट्रक थांबलाय हो, उशीर होतोय."

"मग साहेब बसूं दे. साहेबांनी पास केलीय बोट. त्यांचाबी मान हाय." 

साहेब खुर्चीतनं उठलं आन गाडीत काय राहिलंय ते बघायला गेलं. गाडीत जे राहिलं ते शेवटपतूर सापडलं नाय त्यांना. कप्तान एकदा शेटकडं बघत होता, एकदा साहेबाच्या पाठीकडं. दमयंतीला जे पायजे होतं ते झालंच होतं बघ. तेवढ्यात कोपऱ्यातनं आवाज आला.

"मालकाच्या घरची बाई चालेल का गं?"

कुमुदबाई. पदर सारखा करत फुडं आली. "मान घरात यायला हवा ना. गुरू लहानपणापासून पाण्याला घाबरतो." मग जरा अडखळली. "पण मी ही अशी. तुमच्यात चालत नसेल तर राहू दे."

 हे कोनी धरलंच न्हवतं. दमयंतीनं जाळं टाकलं होतं शेटसाठी, आन आत आली त्याची म्हातारी. नाय म्हनावं, तर सगळ्यांदेखत इधवा म्हनून हाकलली असं होनार. हो म्हनावं, तर बोट कशी हाय ते आमाला ठाव. दमयंतीच्या तोंडाकडं मी बघत होती. ती मग पान्यात उतरली, आदी सवता बोटीत चढली आन हात फुडं केला.

"आई, आमच्या दर्याला कपाळ बघायची सवय नाय. या. मी हाय संगं."

त्या बाईच्या तोंडावर काय उजेड पडला! लहान पोरीवानी बोटीत बसली, दोन्ही हातांनी दमयंतीचा हात धरून. बुधाजींनी दोरीचा हाताला आनखी एक येढा मारला. 

शेट ट्रकवाल्याशी बोलत होता. त्यानं वळून बघितलं आन वरडला, "आई! उतर! आधी उतर खाली, फुटेल ती!"

 

कप्ताननं मराठी कदी ऐकली नसंल, पन तेवढं त्याला कळलं. "फुटेगा?" तो म्हनला.

कुमुदबाई बोटीतनं म्हनली, "काय म्हणालास गुरू?"

"काही नाही, तू उतर बघू. तुला पोहता येत नाही."

"फुटेल म्हणालास तू." मग तिनं त्या कडक इस्तरीच्या पोरांकडं बघितलं. "मग ही मुलं कशात बसणार आहेत?"

"आई, त्यांचं वेगळं आहे."

त्यांचं येगळं! असं म्हनला गो तो, सगळ्यांच्या समोर, भर उन्हात. पान्यानं तवर म्हातारीच्या पायाची बोटं भिजवली होती. दमयंतीनं तिला उठवली नाय, आन तीबी उठली नाय. म्हनली, "वेगळं काय, ते सांग. सांगेपर्यंत मी इथेच बसते."

 तवा काशिराम हलला. कपड्यासकट पान्यात शिरला, कमरेची पटाशी काढली, बोटीच्या बाजूची एक भेग खरवडली. पांढरी लांबी ढेकळासारखी निघून हातात आली. ती तळहातावर घेऊन कप्तानच्या फुडं धरली. म्हनला, "साब, ये मैंने ठोका है. खराब है. मत ले जाओ."

मी नाय ठोकली, शेटनं करायला लावली, असं कायबी म्हनता आलं असतं. तो "मैंने" म्हनला. माझ्या नंदेचा नवरा हाय तो.

कप्ताननं टोपी काढून पोराकडं दिली, पान्यात उतरून म्हातारीला दोन्ही हातांनी उचलून काठावर ठेवली. मग त्याच्या पोरांनी सहाच्या सहा बोटी उलट्या केल्या आन काशिरामनं दाखवलं तिथं तिथं खरवडल्या. कोनी कोनाला शिवी दिली नाय. कुमुदबाई लेकाच्या गाडीत बसली नाय. दमयंतीच्या वट्यावर बसून कोरा च्या प्यायली, आन पनवेलात घरापतूर चालत गेली. दमयंती संगं.

आता तू म्हनशील, मग दमयंतीची मिरवनूक निघाली आसंल. कसली गो! बोटी परत, चौकशी बसली, कारखान्याला टाळं. साहेबाची बदली झाली. बदली म्हंजे काय शिक्षा? दुसऱ्या गावात सरंगा महाग झाला आसंल, बस. शेट काही महिनं वकिलाकडं फिरला. आन कोळीवाड्याची पोरं घरी बसली. काही तळोज्याच्या केमिकलात लागली, खोकत यायची.

नळावर चंद्रावतीनं दमयंतीला गाठली. तिचा नवरा घरी बसलेला. "आली बघा मानवाली! आमच्या चुलीलाबी दे ना जरा मान!"

मला वाटलं, आता हंडे उडनार. दमयंती म्हनली, "देते. उद्यापासनं नव्या पनवेलातलं माझं दोन सेक्टर तुझं. बायकांची नावं सांगते, कोन काय घेतं ते सांगते. सरंगावाली तेवढी आता तिथं नाय." आन दिलं गो तिनं. इतक्या वर्सांचं जोडलेलं गिऱ्हाईक सोडून दिलं, आन सवता पाटी घेऊन लांब ओवे गावापतूर पायपीट करायला लागली. चंद्रावती येका शब्दानं उलटून बोलली नाय परत. आज दोघी बाजारात बाजूबाजूला बसतात, आन भाव पाडायला आलेल्या गिऱ्हाइकाला दोघी मिळून सोलतात.

पन दमयंतीला खरा घोर येगळाच होता. जाळं शिवता शिवता मला म्हनायची, "वयनी, खराब बोटी थांबवल्या, बरं झालं. पन त्या पोरांच्या हातात काय आलं? दर्या रिकामाच. चोर काय आपल्या चौकशीसाठी थांबलं आसतील?" बरोबर बोलायची. दोस्तीत दिलेली चीज आशी सडकी निघाली का मग फुडं चांगली दिली तरी मानूस ती आदी उलटी करून बघतो. शेटनं खाल्लं ते निसतं सागाचं पैसं नाय. आपल्या देशाचा शब्द खाल्ला.

पावसाळा गेला, दुसरा गेला. मग उरनकडच्या एका कारखान्याला ते काम नव्यानं मिळालं, आन कप्ताननं कळवलं, मिस्तरी तोच पायजे, जो पान्यात उतरला होता. काशिरामला गाडी पाठवून बोलावून नेला. ह्या येळला साग, ह्या येळला तांबं. कोळीवाड्याची पोरं तळोजं सोडून त्याच्या हाताखाली गेली. आन बोटी काठाला बांधून नाय बघितल्या, उघड्या दर्यात नेल्या, लाटांत. नवा तपासनीचा साहेब तरना पोरगा होता. सगळा येळ बोटीच्या काठावरनं वाकून ओकत होता, पन शेवटपतूर बोटीतनं उतरला नाय. मिस्तरीच्या घरची बाई म्हनून दमयंती संगं होती, ती त्याची पाठ चोळत होती आन म्हनत होती, "ओक रं बाबा, ओक. तुझ्यासारखा साहेब पायजे."

त्या बोटी गेल्या. मग कायच कळलं नाय. ना कप्तानचा निरोप, ना कोनाची खबर. काशिरामच्या जिवाला चैन पडंना. रेडिओजवळ कान लावून बसायचा, जसं काय ते बेट रेडिओवर त्याच्या बोटींचं नाव घेनार हाय. एकदा मी जेवायला त्यांच्याकडं होती. दमयंतीनं ताट वाढलं, तर हा उंबऱ्यावर उभा, खाडीकडं बघत.

"कसं आसंल गो तिकडं?" म्हनतो. "बोटी टिकल्या आसतील?"

दमयंती म्हनली, "कोन धावत आलाय काय सांगायला?"

"नाय."

"मग जेव. वाईट खबर धावत येते; ती येत नाय तवर आमी कोळ्यांच्या बायका आशाच भात शिजवतो."